तुझे साखरवाले

मधुकर,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात स्नेहलने मोबाईल सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "हे बाबांसाठी आलं आहे, तिकडून." मी पहिल्याच रांगेत होतो, म्हणून मला नीट दिसलं. ओलं हिरवं मैदान, मागे पांढऱ्या खोडांची झाडं, आणि मधल्या गोलात पिवळ्या बनियनमधली अकरा माणसं माना खाली घालून उभी. दंडावर काळी फीत. लाऊडस्पीकरवर कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं, त्यात तुझं नाव आलं. ते 'मदुकर' म्हणाले. मग एक मिनिट कुणी हललं नाही. युक्रेनमधल्या एका लहान गावात, जिथे तू कधी पाय ठेवला नाहीस, तिथे तुझ्यासाठी सामना थांबवला होता.

मंडपातल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. शालूवहिनी मोबाईलकडे पाहतही नव्हत्या, त्यांना पाहवत नव्हतं. आणि मी, तुझा चाळीस वर्षांचा मित्र, त्या अकरा जणांच्या बुटांकडे पाहत विचार करत होतो की यांनी मधुकरसाठी काय केलं? त्याच्याबरोबर उन्हात कोण पळलं? त्याला घाम कुणाच्या पासवर आला? मला रडू येत नव्हतं. मला हेवा वाटत होता. मेलेल्या माणसाच्या कार्यक्रमात बसून, त्याला दुसऱ्या कुणी मान दिला म्हणून हेवा वाटणारा माणूस तुझा मित्र होता, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो आहे.

लिहायला बसलो की माझी भाषा कचेरीतली होते. ग्रामपंचायतीत तीस वर्षं कारकुनी केली, त्याला इलाज नाही. तू मराठीचा मास्तर, लाल पेन घेऊन बसला असतास.

आपल्या क्लबचं नाव आता गावात किती जणांना आठवतं? बाजार इलेव्हन. गुरुवारी आठवडी बाजार भरायचा आणि शुक्रवारी सकाळी आपण त्याच जागेवर लसणाची टरफलं, कांद्याची पात, सडके टमाटे झाडून मैदान करायचो. बांबूचे गोलपोस्ट बुधवारी संध्याकाळी उपटायचे, शुक्रवारी परत रोवायचे. तू नागपुरात शिकायला होतास तेव्हा कामठीच्या पोरांबरोबर फुटबॉल शिकून आलास आणि कबड्डीच्या गावात चेंडू आणलास. तू मधल्या फळीत, मी गोलमध्ये. वर्ध्याच्या संघाला आपण पेनल्टीवर हरवलं, तेव्हा मी दोन अडवल्या होत्या. तू पळत येऊन माझ्या अंगावर पडलास, माझी बरगडी दुखावली, आणि मी ते महिनाभर कुणाला सांगितलं नाही. मला ते दुखणं आवडत होतं.

अकरा वर्षं चाललं ते. मग बाजाराच्या जागेवर सिमेंटचे ओटे बांधले गेले, भाजीवाल्यांसाठी. ओट्यांवर फुटबॉल खेळता येत नाही. क्लब संपला. त्यानंतर तू फुटबॉलचं नाव काढलं नाहीस. आष्टीच्या शाळेत जायचास, एस्टीने परत यायचास, संध्याकाळी हायवेवरच्या ढाब्यावर आपण चहा प्यायचो. तिथे पावसापाण्याच्या, पगाराच्या, पोरांच्या गोष्टी व्हायच्या. चेंडूची गोष्ट कधी नाही. मला वाटायचं, ते दुखणं आपण दोघांनी मिळून पुरलं आहे. त्यातही एक जवळीक होती.

स्नेहल डॉक्टरकी शिकायला युक्रेनला गेली, तिसऱ्या वर्षाला होती आणि लढाई सुरू झाली. त्या दिवसांत तू जेवत नव्हतास. मोबाईल हातात घेऊन ओसरीवर बसायचास, आणि मी तुझ्या शेजारी. तिची गाडी मधल्याच एका गावात अडकली होती, बरोबर पाच पोरी, पुढे काहीच जात नव्हतं. तू मला विचारायचास, "वसंता, येईन ना रे ते?" आणि मी म्हणायचो, "येते. तुही पोरगी हाये ते." एक गोष्ट सांगतो, वाचून तू मला शिव्या देशील. ते आठ दिवस मला बरे वाटले. तुझ्या पोरीचा जीव टांगणीला होता आणि मला बरं वाटत होतं, कारण तुला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मग मिकोला आला.

त्या गावच्या स्टेशनमास्तरने फुटबॉल क्लबला फोन केला, कारण गावात चालू स्थितीतली बस फक्त क्लबकडे होती. सत्तरी पार केलेला हा मिकोला, क्लबचा जुना सेक्रेटरी, स्वतः बस घेऊन स्टेशनवर गेला. पोरींना दोन दिवस क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत ठेवलं, कपांच्या कपाटाखाली गाद्या टाकून. उकडलेले बटाटे आणि बीटाचं सार खाऊ घातलं. मग बसने सरहद्दीपर्यंत पोचवलं. शेवटी रांग इतकी लांब होती की बस पुढे जाईना, तर तो पोरींच्या बॅगा घेऊन त्यांच्याबरोबर पायी चालला. स्नेहल त्याला दिदू म्हणते. दिदू म्हणजे आजोबा.

पोरगी घरी आली त्या दिवशी मीही रडलो. पण पुढच्याच रविवारी तू तिला समोर बसवून मिकोलाला व्हिडिओ कॉल लावलास. त्याच्या मागच्या भिंतीवर जुन्या संघाचा फोटो होता. तू चष्मा वर करून तो फोटो पाहत राहिलास आणि तिला म्हणालास, "याले विचार, हा डावीकडचा पोट्टा कोण हाये?" मी तिथेच बसलो होतो. कितीतरी वर्षांनी तुझा तो आवाज ऐकला, मैदानातला. तो दुसऱ्या कुणासाठी निघाला होता.

तेव्हापासून दर रविवारी तेच. सोमवारी ढाब्यावर मला ऐकावं लागायचं. तो क्लब बीटाच्या साखर कारखान्यातल्या मजुरांनी काढला, कामाची पाळी संपवून लोक थेट मैदानात यायचे. त्यांच्या भाषेत क्लबच्या नावाचा अर्थ साखर बनवणारे, म्हणून तू त्यांना साखरवाले म्हणायचास. पहिला चेंडू चपला शिवणाऱ्याने शिवला, तो एका बाजूला जड होता आणि नेहमी डावीकडे वळायचा, म्हणून तीन पिढ्या त्यांचे डावे खेळाडू चांगले निघाले. नदीकाठचं मैदान वसंतात पाण्याखाली जायचं, तेव्हा खेळाडू होडीतून गोलपोस्ट तपासायला जायचे. जुन्या महायुद्धात गेलेल्या संघातले चारच परत आले आणि त्या चौघांनी शाळेतली पोरं घेऊन पुन्हा संघ उभा केला. एकदा पाहुण्या संघाची बस चिखलात रुतली, तर यांनी ती ओढून काढली आणि मग त्याच संघाकडून सामना हरले.

तू हे सांगताना हात हलवायचास, चहा निवायचा. मी म्हणायचो, "बरं मग?"

"बरं मग काय? याचा इतिहास कोणी लिहला नाई वसंता. मिकोलाभाऊच्या डोक्यात हाये सारा. तो गेला की गेला."

"म्हणून तू लिहणार? मराठीत? कोण वाचंन?"

"तू वाच."

"मी नाई वाचत."

तू हसलास. तुला वाटलं मी गंमत करतो आहे. मी खरंच ठरवलं होतं. तू लिहायला घेतलेली लांब वही दोन वर्षं माझ्यापुढे सरकवायचास आणि मी तिच्यावर चहाचा कप ठेवायचो. कपाचे गोल डाग अजून आहेत पुठ्ठ्यावर.

आपलं शेवटचं बोलणंही त्याच वहीवरून झालं. तुला आठवत असेल, किंवा नसेल, कारण तुझ्यासाठी ते भांडण नव्हतं. तू म्हणालास, पुस्तक होत आलं. मी म्हणालो, "परक्याच्या गावातल्या क्लबवर दोनशे पानं लिहली. आपल्या बाजार इलेव्हनवर एक ओळ नाई. काऊन?"

तू बशीत चहा ओतलास. फुंकर मारलीस. म्हणालास, "ते तू लिही. त्याचं तुले जास्त मालूम हाये."

मी उठून निघून आलो. पाच दिवस ढाब्यावर फिरकलो नाही. सहाव्या दिवशी सकाळी शालूवहिनींचा फोन आला.

मला काय जास्त मालूम आहे, ते आता लिहितो. बाजाराच्या ओट्यांचा ठराव झाला तेव्हा त्याची नोटीस बाहेर फळ्यावर लावायची होती. पंधरा दिवसांत कुणाची हरकत असेल तर ऐकायची, असा नियम. ती नोटीस मी टाईप केली होती. फळ्यावर लावणं माझंच काम. मला माहीत होतं की तू ती वाचलीस तर दुसऱ्या दिवशी शंभर सह्यांचा अर्ज घेऊन येशील, आणि सरपंच ऐकतील, कारण तुझं ऐकायचे ते. ओटे रस्त्यापलीकडच्या पडीक जागेत झाले असते. मी नोटीस माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पंधरा दिवस झाल्यावर काढली, फाईलला लावली आणि शेऱ्यात लिहिलं, हरकत नाही.

का, ते विचारशील. त्या मोसमात तू मला गोलमधून काढलं होतंस. आंजीचा कैलास आणलास, वीस वर्षांचा, मांजरासारखा उडायचा. तू मला बाजूला घेऊन समजावलंस, "तुही नजर आता कमी पडून राह्यली वसंता, तू पोरायले शिकव." बरोबर होतं तुझं. मला तेव्हाही कळत होतं की बरोबर आहे. पण शुक्रवारी झाडू माझ्या हातात आणि हातमोजे कैलासच्या हातात. तू कैलासच्या अंगावर पळत जाऊन पडायचास. ते मी तीन महिने पाहिलं. चौथ्या महिन्यात नोटीस आली.

जेसीबी आला त्या दिवशी तू कचेरीत आलास. ओरडला नाहीस. विचारलंस, "नोटीस लागली होती काय रे?" मी म्हटलं, "लागली होती. तुह्या ध्यानात आली नसंन." तू मान डोलावलीस आणि गेलास. तेवढंच.

तू गेल्यावर दोन आठवड्यांनी स्नेहल वही घेऊन माझ्याकडे आली. ती आता वर्ध्याला दवाखान्यात नोकरी करते, रविवारी गावी येते. म्हणाली, "काका, दिदूले बाबानं काय लिहलं ते ऐकायचं हाये. मले बाबाचं अक्षर लागत नाई. तुम्ही वाचा, मी त्याले सांगते." ज्या वहीवर मी कप ठेवत होतो ती मलाच मोठ्याने वाचावी लागली, त्याच मिकोलापुढे. आतापर्यंत तीन रविवार झाले, तुझ्या घरी जाऊन वाचतो. मी एक परिच्छेद वाचायचो, स्नेहल त्यांच्या भाषेत सांगायची, आणि पडद्यावरचा म्हातारा कानामागे हात लावून ऐकायचा. मध्येच हसायचा, मध्येच टोपी काढायचा.

मधुकर, चांगलं लिहिलं आहेस. मला चुका काढायच्या होत्या, सापडल्या नाहीत. रुतलेल्या बसचा प्रसंग वाचताना मला हसू आवरेना, तिकडे मिकोलाही हसत होता, आणि स्नेहल आम्हा दोघांकडे पाहत थांबली होती. आणि कैलासचा झेल तू तिथल्या एका गोलकीपरला दिला आहेस, हवेत आडवा होऊन डाव्या हाताने. मी ओळखला. मला वाटलं होतं माझ्या दोन पेनल्टीही कुठे असतील. नाहीत. वाचलं तेवढ्या प्रत्येक पानावर शोधत होतो.

तिसऱ्या रविवारी ते प्रकरण आलं ज्यात क्लब बंद पडतो. सोव्हिएत मोडलं, कारखाना बंद झाला, लोकांना खायला नव्हतं. मैदानाचे तुकडे करून घराघराला बटाटे लावायला दिले. बाकी सगळ्या गोष्टींना तू पानंच्या पानं दिलीस, आणि याला चार ओळी. शेवटची अशी: 'मैदान वाटून देण्याच्या कागदावर सही कोणी केली, हे मी विचारलं नाही. लहान गावात सही करणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून दूध आणायला जायचं असतं.'

मी ते वाचलं आणि वही मांडीवर ठेवली. स्नेहलने सांगून टाकलं. मिकोला ताठ बसला आणि बोटाने टेबलावर ठोकत काहीतरी बोलला.

"दिदू म्हणते हे खोटं हाये," स्नेहल म्हणाली. "म्हणते, मी मधुकरले सांगितलं होतं. त्यानं विचारलं नव्हतं तरी सांगितलं होतं. सही माह्या भावानं केली होती, पेत्रोनं. कारखान्यात कारकून होता."

पेत्रोचं नाव मी आधीच वाचलं होतं. पहिल्या रविवारी. 'पेत्रो, डावा बचावपटू, पाय आखूड, पण चेंडूच्या आधी पोचायचा.' त्याच्या खेळावर तू दीड पान लिहिलं आहेस.

"मग बाबा काय म्हणाले, विचार त्याले."

तिने विचारलं. म्हातारा बराच वेळ आठवत होता. "बाबा म्हणाले म्हणते, तुमचा भाऊ कोणत्या जागेवर खेळायचा ते सांगा."

मिकोला पुढेही बोलत होता. ती तुकड्यातुकड्याने सांगत गेली. सही कोणी केली ते मिकोलाला दुसऱ्यांकडून कळलं होतं. त्यानंतर सोळा वर्षं दोघं भाऊ एकाच रस्त्यावर राहिले आणि बोलले नाहीत. लोकांनी बटाट्याच्या वाफ्यांची पुन्हा हिरवळ केली, क्लब पुन्हा उभा राहिला, पहिल्या सामन्याला पेत्रो कुंपणाबाहेर उभा होता. मिकोलाने त्याला आत बोलावलं नाही. पुढच्या हिवाळ्यात पेत्रो गेला.

तेव्हा मी स्नेहलला म्हणालो, "त्याले सांग, आपल्या बाजाराची नोटीस मी दाबली होती."

ती माझ्याकडे पाहायला लागली. तिला ओटे माहीत आहेत, तिच्या जन्माआधीपासूनचे. तुझ्याकडून तिने बाजार इलेव्हनचं नावही ऐकलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. "कोणती नोटीस, काका?"

मी सगळं सांगितलं. कैलास, हातमोजे, ड्रॉवर, शेरा, आणि कचेरीत तुला दिलेलं उत्तर. तुझ्याच ओसरीवर, तुझ्या पोरीला. आत शालूवहिनी काहीतरी निवडत बसल्या होत्या, त्यांचा सुपाचा आवाज थांबला. पडद्यावर मिकोला वाट पाहत होता, त्याला काहीच कळत नव्हतं. मला वाटलं स्नेहल फोन बंद करेल. मग तिने फोन उचलून जवळ धरला आणि हळूहळू, शब्द शोधत, सगळं त्याच्या भाषेत सांगितलं. तिला एक शब्द सापडत नव्हता तर तिने दोनदा थांबून विचार केला. नंतर मी विचारलं कोणता शब्द. म्हणाली, "हेवा."

मिकोला ऐकून झाल्यावर टोपीच्या काठाशी खेळत राहिला. मग बोलला, थोडंच.

"दिदू म्हणते, पेत्रोनं मले स्वतः सांगितलं असतं तर मी त्याले माफ नसतं केलं. पण आम्ही भांडलो असतो. सोळा वर्षं भांडलो असतो. ते बरं झालं असतं."

कॉल संपला. स्नेहलने फोन खाली ठेवला. तिने मला एकच विचारलं, "काका, बाबाले हे माहीत होतं का?"

"मले नाई माहीत, बाई."

खरंच माहीत नाही. बशीत चहा ओतताना तू जे म्हणालास, ते सहज म्हणालास की जाणून, हे मी आता कुणाला विचारू? जाणून म्हणाला असशील तर तू मला दार उघडून दिलं होतंस आणि मी चहा टाकून उठून आलो. दोन वर्षं तू ती वही माझ्यापुढे सरकवत होतास तेही त्याचसाठी असेल. किंवा नसेल. तू फक्त मिकोलाभाऊवर जीव लावून बसला असशील आणि माझ्या डोक्यात हे सगळं मागाहून येत असेल.

स्नेहल उठली, आत गेली. वहिनींशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. चहा आला, वहिनींनीच आणला. बसल्या नाहीत, पण कप हातात दिला. मी निघालो तेव्हा स्नेहल म्हणाली, "पुढच्या रविवारी येजा काका, चाळीस पानं राह्यली." मी जाणार आहे.

पण एक सांगून ठेवतो. हे ऐकण्याचा पहिला हक्क तुझा होता. तो मिळाला तुझ्या पोरीला, आणि सुपापाशी बसलेल्या वहिनींना, आणि हजारो कोसांवरच्या त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याला, ज्याच्याशी मी तीन रविवार आधीपर्यंत एक शब्दही बोललो नव्हतो. तुझा नंबर चौथा लागला, मधुकर. त्याचं तुला वाईट वाटत असेल तर वाटू दे. थोडं तुलाही वाटलं पाहिजे.

तुझा,
वसंता